घर ते पाणी, साठ पावलं

२ डिसेंबर

पोचले. कुलूप उघडण्यात पाऊण तास गेला. खारा वारा लोखंड खातो, महिन्यातून एकदा कुलपात तेल सोड, हे काकीला तीन वर्षं सांगतेय. ती मान डोलावते आणि सोडत नाही. शेवटी तिनेच दगडाने कुलूप फोडलं आणि वर मलाच म्हणाली, "धाकट्या बाई, नवीन आणा, हे जुनं झालं होतं." काकी म्हणजे आमच्या घराची राखणदार, मागच्या नारळांत तिची झोपडी आहे. कोणाची काकी कोणास ठाऊक, सगळे काकी म्हणतात.

ही वही आणली कारण मला राग आलाय आणि तो कोणाला तरी सांगायला हवा. ताईला सांगून झाला. तिने फोन ठेवून दिला.

तर नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की ही उगाच चिडते. हे घर ताईचं आणि माझं, निम्मं निम्मं. ताई भूगोलाची शिक्षिका होती, मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. ती निवृत्त झाली, मग मी झाले, आणि शाळेत असल्यापासून ज्याच्या गप्पा मारत होतो ते आम्ही खरंच केलं. जिथे हॉटेल नाही, रस्ता नाही, दुसरं घर नाही अशा रानटी किनाऱ्यावर दोन खोल्या आणि पडवी विकत घेतली. सुट्टीला यायचं, पोहायचं, कोणाचं तोंड बघायचं नाही. ताईला नवऱ्याचं घर होतं. मी चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये काढली आणि आता भाड्याच्या खोलीत राहते. क्वार्टरमध्ये भिंतीत खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागायचा. या घरात मी पहिल्याच दिवशी सतरा खिळे ठोकले. त्यातल्या बारांवर अजून काही टांगलेलं नाही, पण ते माझे खिळे आहेत.

आणि आता ताई म्हणते, विकू या. एका हॉटेलवाल्याला अख्खा किनारा हवाय, फेब्रुवारीअखेर दोघींच्या सह्या हव्यात. "आपल्याला झेपत नाही गं आता." आपल्याला म्हणे. मी आज होडीतून उतरून, ओढा ओलांडून, दोन पिशव्या आणि एक बादली घेऊन चालत आले. मला झेपतंय. तुला झेपत नाही म्हण, आणि का झेपत नाही तेही सांग. ते नाही. हल्ली फोनवर मुद्दाम इतकं हळू बोलते की मला तीन तीनदा "काय?" विचारावं लागतं, आणि मग बहिरी मी ठरते.

मी सही करणार नाही. विषय संपला.

४ डिसेंबर

विषय संपलेला नाही. आज घर झाडलं आणि नव्याने डोक्यात राख घालून घेतली.

ऑक्टोबरमध्ये ताई आणि तिचे चिरंजीव इथे पंधरा दिवस राहून गेले. चिरंजीव म्हणजे माझा एकुलता एक भाचा, वय वर्षं छत्तीस, हल्ली आईच्या मागे मागे असतो. आईची पिशवी उचल, आईची चप्पल सरळ कर. आधी वर्षावर्षात फिरकायचा नाही. आता घर विकायची वेळ आली तर पुत्रप्रेम उतू चाललंय. मला काय कळत नाही?

पडवीच्या भिंतीवर ताईने आमच्या किनाऱ्याचा नकाशा काढायला घेतलाय. निळ्या रंगाने, मोठा, दारापासून खिडकीपर्यंत. शाळेत ती वर्गाकडे तोंड करून, फळ्याकडे न बघता खडूने अख्खा किनारा काढायची, एकेक आखात जागच्या जागी. मुलं श्वास रोखून बघायची म्हणे. इथे सुरुवात झकास केलीय. मग रेघ बारीक होत गेलीय, वाकडी होत गेलीय, आणि ओढ्यापाशी दिलीय सोडून. अर्धवट काम टाकणं हा तिचा स्वभाव नव्हे. चिरंजीवांना कंटाळा आला असणार, चल आई, बास झालं.

काकी म्हणाली, ताईच्या खोलीखाली घूस मरून पडली होती, दोन दिवस घाण वास सुटला होता, आणि मोठ्या बाई खिडकी लावून आत निवांत वाचत बसलेल्या. वास येत नाही म्हणाल्या. ज्या घराचा वाससुद्धा घ्यायची इच्छा उरली नाही ते विकायलाच निघणार माणूस.

७ डिसेंबर

दारापासून पाण्यापर्यंत साठ पावलं कोरडी, भुसभुशीत वाळू आहे. त्या वाटेवर कोणीतरी काठ्या आडव्या टाकून ठेवल्यात. समुद्राने आणून टाकलेली लाकडं, झावळ्यांचे दांडे, एक मोडकं वल्हं. ओळीने, सारख्या अंतरावर. पोहून परत येताना मी त्यात अडखळून पडले, गुडघा फुटला.

काकीला विचारलं हा काय प्रकार. म्हणाली, "मोठ्या बाईंच्या आहेत. असू द्या."

"कशाला हव्यात?"

"त्यांच्या पायाला वाळू धरते."

आता यावर काय बोलायचं. वाळू काय जळू आहे? असल्या खुळचट समजुती ताई ऐकून घेते आणि वर मान डोलावते, कारण तिला सगळ्यांशी गोड राहायचं असतं. वाईट तेवढी मी. सगळ्या काठ्या उचलल्या. मोजून एकेचाळीस. थिएटरमध्ये आत गेलेली प्रत्येक वस्तू मोजून बाहेर काढायची, ती सवय जात नाही. वाळलेल्या होत्या, चुलीला झाल्या.

काकी झोपडीकडे चालती झाली. मला तिचं जाणंही आवडलं नाही.

१५ डिसेंबर

न्हाणीत खेकडा. बुटात खेकडा. साखरेच्या डब्यात मुंग्या, आणि डब्याचं झाकण गंजून डब्यालाच चिकटलेलं. विहिरीचं पाणी मचूळ झालंय. माकडांनी साबण नेला. कपडे वाळत नाहीत आणि वाळले की मिठाने कडक होतात. असलं घर कोणी शहाणा माणूस घेत नाही.

तरी सकाळी साडेसहाला पाण्यात शिरले तेव्हा उजेड नुकता फुटत होता आणि दोन्ही बाजूंना, दिसेल तिथवर, एकसुद्धा माणूस नव्हता. मी जोरात शिव्या दिल्या. हॉटेलवाल्याला, चिरंजीवांना, ताईला. क्वार्टरमध्ये कधी मोठ्याने खोकायची सोय नव्हती.

खरं लिहायचं तर एकटीला मजा येत नाही. ताई बरोबर असली की ती आधी पोहते आणि लांबून ओरडून सांगते, "चिमे, इथपर्यंत ये, इथे गार आहे." साठीला आलेल्या बाईला चिमे म्हणणारं आता दुसरं कोणी नाही. गेल्या वर्षीपासून मात्र ती गुडघाभर पाण्यातून परत फिरते. वय झालं म्हणते. माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी आहे.

२९ डिसेंबर

चिरंजीवांचा फोन. "मावशी, तू इकडे ये ना, बसून बोलू."

म्हटलं, "मी कुठेही येणार नाही. सही हवी असेल तर तुझ्या आईला इथे येऊन माझ्याकडे मागू दे. तोंडाने. कुजबुजून नव्हे."

"अगं, पण आईला साकवावरून..."

"साकवावरून काय?"

"काही नाही. आणतो."

बघितलंत? एक सरळ उत्तर नाही. दोघं मायलेक ताकास तूर लागू देत नाहीत. ओढ्यावरचा साकव म्हणजे नारळाचे दोन ओंडके आणि धरायला एक दोर. ताई त्यावरून डोक्यावर घडे घेऊन गेलेली मी पाहिलीय, तीनच वर्षांपूर्वी.

मी जिंकले असं वाटायला हवं होतं.

१७ जानेवारी

आले. आणि येताच तमाशा.

मी ओढ्याच्या अलीकडे उभी. ताई साकवावर चढली, अर्ध्यावर आली, आणि थांबली. दोर धरून नुसती उभी. खाली जेमतेम मांडीभर पाणी. मी म्हटलं, "ये की." ती माझ्याकडे बघतेय, चेहऱ्यावर काही नाही. रागही नाही, भीतीही नाही, दगड. मी म्हटलं, "ताई, नाटकं पुरे, ऊन लागतंय." मग चिरंजीव मागून टाळ्या वाजवायला लागले. एक दोन, एक दोन, शाळेच्या कवायतीसारखे. आणि बाईसाहेब त्या तालावर चालायला लागल्या. आल्या या बाजूला.

स्वतःच्या आईला टाळ्या वाजवून चालवतो. आणि ती चालते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्या गळ्यात पडणार होते, पडले नाही.

१८ जानेवारी

जेवताना उजवा हात मांडीवर, पर्सवर. पर्स सोडायला तयार नाही, जणू मी चोर बसलेय समोर. डाव्या हाताने चमच्याने खाल्लं. चिरंजीवांनी मासा सोलून काटे काढून ताटात ठेवले. आता घास भरवायचेच तेवढे बाकी.

मी विषय काढला. का विकायचं ते सांग. ती म्हणाली, "दमते मी." म्हटलं, मी दमत नाही? चौतीस वर्षं सलग आठ आठ तास उभी राहिलेय, ती काय मजा म्हणून? ती म्हणाली, "तू करशील ते बरोबर." हे तिचं नेहमीचं हत्यार. भांडायचंच नाही, म्हणजे समोरचा एकटाच भांडताना वेडा दिसतो. मी बोलत सुटले. शेवटी म्हटलं, "समुद्रात शेवटची कधी गेलीस ते तरी आठवतं का? घर विकायला निघालीस, जरा पाणी तरी बघून ये."

चिरंजीव उठून बाहेर गेले. ताई म्हणाली, "उद्या जाते." मला तेही ऐकायला पुन्हा विचारावं लागलं.

१९ जानेवारी

सकाळचे साडेआठ. पडवीत बसून लिहितेय. चिरंजीव होडीने गावात गेलेत, बाजार आणायला. ताई मला न सांगता समुद्राकडे निघाली. म्हणजे कालचं लागलेलं दिसतंय, बरं झालं. दहा बारा पावलं ठीक गेली आणि थांबली. माझ्याकडे पाठ करून उभी आहे.

नवाला दहा कमी. अजून उभी. म्हणजे मी जायचं, हात धरायचा, मनधरणी करायची. लहानपणी हे काम माझंच होतं. ती अंगणात रुसून उभी राहायची आणि आई मला पाठवायची, जा गं, ताईला घेऊन ये. आता मी जाणार नाही. डोक्याला टोपी नाही, ऊन चढतंय. चढू दे.

नऊ वाजून पाच. हद्द झाली. एकदा मागे वळून बघितलं नाही. मी चहा टाकते.

नऊ वीस. काकी नारळांतून पळत येतेय. हातात काय आहे

१९ जानेवारी, दुपार

सकाळचं अर्धवट राहिलेलं पुरं लिहिणार आहे.

काकीच्या हातात झावळ्यांचे दांडे होते. तिने ते ताईच्या पायांपुढे आडवे टाकले. एक इथे, एक हातभर पुढे, एक त्याच्या पुढे. तोवर मी पोचले होते. ताईचे पाय मी जवळून पाहिले. टाचा उचलायला जात होत्या आणि उचलल्या जात नव्हत्या, पोटऱ्या थरथर कापत होत्या, घामाने सगळं अंग भिजलेलं. तिने पहिला दांडा पाहिला, पाय उचलला, आणि त्यावरून पलीकडे टाकला. मग दुसरा. मग चालायला लागली, साध्या माणसासारखी, पाण्यापर्यंत.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात हे चित्र होतं. जमिनीवर आखलेल्या रेघा आणि त्या ओलांडणारा म्हातारा. खाली चार ओळी होत्या, मी त्या परीक्षेत लिहून पूर्ण गुण घेतले होते. आवाज बारीक होतो. वास जातो. चेहरा हलायचा थांबतो. एक हात अंगाशी चिकटून राहतो. अक्षर लहान होत जातं. पाय जमिनीला खिळतात, आणि पुढे रेघ दिसली किंवा ताल ऐकला तर सुटतात.

पार्किन्सन. मी ते सगळं गेला दीड महिना या वहीत माझ्याच हाताने लिहिलंय. एकेक लक्षण, तारखेसकट, आणि प्रत्येकापुढे एकेक शिवी.

थिएटरमध्ये माणसाला झोपवून आणतात. चौतीस वर्षांत मी चालणारा पेशंट पाहिला नाही. ही सबब आहे, मला कळतं.

पन्नास मिनिटं ती उन्हात उभी होती आणि मी घड्याळ बघून नोंद करत होते. आणि त्या काठ्या तिच्यासाठी होत्या, तिला पाण्यापर्यंत जाता यावं म्हणून, आणि मी त्या मोजून उचलल्या, चुलीत घातल्या आणि त्यावर चहा केला.

२० जानेवारी

मी विचारलं, "कधीपासून?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष? आणि त्या काकीला माहीत, चिरंजीवांना माहीत, मला नाही?"

"काकीने काही विचारलंच नाही. नुसत्या काठ्या टाकल्या."

मी आधी रडले आणि मग मला इतका राग आला की मी ताट आपटलं. राग कोणाचा ते नक्की सांगता येत नाही. तिचा, लपवलं म्हणून. भाच्याचा, गप्प राहिला म्हणून. तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "मावशी, आईने शपथ घातली होती." मी त्याला म्हटलं, "शपथेला चुलीत घाल." मग आठवलं की चुलीत काय काय घातलंय आणि आपटलेलं ताट उचलून ठेवलं.

ताई म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या उशाशी तक्ता लागला असता. सकाळी गोळी, दुपारी व्यायाम, संध्याकाळी फेरी. तू मला पेशंट केलं असतंस, चिमे. मला अजून थोडे दिवस तुझ्याशी भांडायचं होतं."

"मग भांडायचं होतंस की. भांडत कुठे होतीस?"

"आवाज निघत नाही ना," ती म्हणाली.

२२ जानेवारी

दोन दिवस खपून योजना केली. दारापासून पाण्यापर्यंत फळ्यांची वाट, दर फुटावर रंगवलेला पट्टा. दोन्ही बाजूंना कठडा. साकवाच्या जागी रुंद पूल. न्हाणीत धरायला दांडे. औषधांच्या वेळा. मी इथेच कायमची राहीन, ताईने यायचं, हवं तितकं राहायचं. सगळं मोठ्या अक्षरात लिहून तिच्यापुढे ठेवलं. मला वाटलं, आता विकायचा प्रश्नच मिटला. जे झेपत नव्हतं ते मी झेपवून दाखवते.

तिने सगळं वाचलं. तिला वेळ लागतो, मी थांबले. मग म्हणाली, "तक्ता झालाच."

माझं डोकं सटकलं. म्हटलं, मी तुझ्यासाठी मरमर मरते आणि तुला थट्टा सुचते? तेव्हा ती बोलली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं, कारण तोडलं असतं तर ते ऐकूच आलं नसतं. म्हणाली, "मला समुद्र बघायला नको होता, त्यात जायचं होतं. इथे राहिले तर रोज सकाळी मला कळणार, काल किती पावलं गेले आणि आज किती. तिकडे माझ्या खोलीत मला ते कळत नाही. तिथे मी नुसती सावकाश चालणारी बाई आहे. मला हे घर डोळ्यांसमोर नको आहे गं. आणि माझ्यामुळे तू इथे अडकून पडलेलीही नकोस."

"आणि मी? माझ्याकडे दुसरं घर आहे का?"

हे मी म्हटलं. तिच्या तोंडावर म्हटलं. लिहून ठेवते.

ती म्हणाली, "नाही. म्हणून तर दोन सह्या लागतात. तू नको करूस. मी रागावणार नाही."

ती खरंच रागावणार नाही हे मला माहीत आहे, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

२४ जानेवारी

गेले. साकवावर मी टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदा ताल चुकला, भलत्याच घाईत वाजवल्या. भाचा म्हणाला, "सावकाश, मावशी." सावकाश वाजवल्या.

११ फेब्रुवारी

अठरा दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, रोज तेच. सकाळी पोहायचं, परत येताना पावलं मोजायची. साठ. कधी अठ्ठावन्न. मला ती उगाच मोजावीशी वाटतात आणि मग स्वतःचीच चीड येते.

मला हे घर हवंय. स्पष्ट लिहिते, म्हणजे पुढे सही केली तर मी थोर वगैरे झाले असं कोणी समजू नये, मीसुद्धा. मला हे गंजकं, खेकड्यांनी भरलेलं, मचूळ पाण्याचं घर हवंय. मी सही केली नाही तर ते राहील. ताईसुद्धा येईल, नाही म्हणणार नाही. माझ्या समाधानासाठी येईल, फळ्यांच्या वाटेवर रंगवलेले पट्टे मोजत पाण्यापर्यंत जाईल, छान झालंय म्हणेल. आणि मला तिचा चेहरा वाचता येत नाही, त्यामुळे मी ते खरं मानून चालेन. मी तशी आहे. इतक्या दिवसांत एवढं तरी समजलंय.

काकीला सांगितलं, मी सही करणार. हॉटेलवाला तिला कामावर ठेवून घेणार म्हणतो. काकी म्हणाली, "तो दिव्यांच्या माळा लावणार किनाऱ्यावर. मग कासवं अंडी घालायला यायची नाहीत." मग म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार." ती माझ्यावर रागावली असती तर बरं वाटलं असतं.

भाच्याला फोन केला. तारीख ठरव म्हटलं. तो "मावशी, तुला नक्की..." म्हणायला लागला. म्हटलं, "मला विचारू नकोस. विचारलंस तर मी नाही म्हणेन."

२६ फेब्रुवारी

नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद. ताई बत्तीस पायऱ्या चढली. पायऱ्या तिला सोप्या जातात, प्रत्येक पायरीची कड डोळ्यांना दिसते. मी मागे होते, हात न लावता. हात न लावणं हे मी नवीन शिकतेय आणि मला ते अजिबात जमत नाही.

आत हॉटेलवाला, त्याचा वकील, कारकून. हॉटेलवाला सारखा घड्याळ बघत होता. म्हणाला, "आजच झालं तर झालं. नाही तर मी पलीकडचा किनारा घेतोय, तिथले लोक तयार आहेत." मी पहिली सही केली. इतकी दाबून केली की पुढच्या दोन पानांवर उमटली.

मग ताईने. कारकुनाने तिची सही उचलून जुन्या खरेदीखताशेजारी धरली. जुनी सही चांगली बोटभर लांब, शेवटच्या अक्षराला झोकदार वेलांटी. नवी मुंगीएवढी, आणि शेवटाला दिसेनाशी झालेली.

"ही जुळत नाही," तो म्हणाला. "परत करा."

तिने परत केली. आणखी लहान झाली.

"बाई, तुम्हीच आहात ना नक्की?" आणि हसला. मग शाईचा पॅड तिच्याकडे सरकवला. "अंगठा लावा. लिहिता न येणाऱ्यांची तीच पद्धत आहे."

ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती पॅडकडे बघत होती, आणि "अंगठा लावणार नाही, राहिलं तर राहिलं" म्हणाली ते फक्त मला ऐकू आलं. उजवा हात टेबलावर उघडा होता, पर्स तिने खाली ठेवली होती.

मला पुढचं नीट आठवत नाही, म्हणजे क्रम आठवत नाही. मी उभी राहिले. म्हटलं, "चाळीस वर्षं या बाईने दुसऱ्यांच्या पोरांना लिहायला शिकवलंय. त्यातलाच एखादा तुम्हीही असाल, आणि तिला तुम्ही अंगठा लावायला सांगता?" तो म्हणाला, मॅडम, आवाज खाली. मी खाली घेतला नाही. सगळं कार्यालय आमच्याकडे बघत होतं. म्हटलं, "तिला पार्किन्सन आहे. तिचा हात लहान लिहितो, डोकं लहान झालेलं नाही. ती सही करेल. तिला वेळ लागेल आणि तुम्ही सगळे थांबाल." हॉटेलवाला म्हणाला, अहो, पाच वाजता बंद होतं. म्हटलं, "मग पाचपर्यंत थांबा. कोरे कागद आणा. इथे नीट खुर्ची आणा. आणि खिडकी उघडा, तिला घाम आलाय." थिएटरमध्ये ज्या आवाजात बोलायचे त्याच आवाजात. कारकून स्वतः उठून खुर्ची घेऊन आला.

तिने कोऱ्या कागदांवर सराव केला. मी मोजलं नाही. मध्ये एकदा थांबून तिने गोळी घेतली, आम्ही अर्धा तास बसून राहिलो. साडेचारला ती म्हणाली, "आण." कागद पुढे ओढला, हात पार खांद्यापासून हलवला, फळ्यावर लिहायची तसा, आणि सही केली. बोटभर लांब. शेवटची वेलांटीसुद्धा. कारकुनाने दोन्ही कागद उजेडात धरले, मान हलवली आणि शिक्का मारला. मी त्याला म्हटलं, "बघितलंत?" अगदी चिडून म्हटलं. मला तिचा इतका अभिमान वाटत होता की मला दुसरं काही सुचत नव्हतं.

जिन्यात ताई म्हणाली, "सगळ्या जगाला सांगितलंस. एवढं ओरडायची गरज होती?"

म्हटलं, "होती."

"होती," ती म्हणाली, आणि माझा दंड धरला. स्वतःहून धरला. आम्ही उतरायला लागलो, एकेक पायरी, ती मोजत होती आणि मी तिच्या शेजारी त्या कारकुनाला शिव्या घालत होते. दोन महिने मी ही सही होऊ नये म्हणून जिवाचं रान केलं होतं, आणि आज नुसती गप्प बसले असते तरी ती झाली नसती. घर विकलं गेलं, हे मला शेवटच्या पायरीवर आठवलं.